बाळंतिणीच्या उशाशी कोण?

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्या आयाबहिणी पिढ्यानपिढ्या सांगत आल्या आहेत. हा पुनर्जन्म घेताना बाईच्या उशाशी कोण असते, हा आमचा आजचा प्रश्न आहे. प्रश्न साधा वाटतो. पण भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, चाकण या औद्योगिक पट्ट्यातल्या कष्टकरी बाईला तो विचारून पाहा. ती एका शब्दात उत्तर देईल, कोणी नाही! आणि हे 'कोणी नाही' तिच्या नशिबाने आलेले नाही. ते या व्यवस्थेने तिच्यावर लादलेले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही महिन्यांपूर्वी एक भगिनी आमच्याकडे आली. बाळंतपणाच्या रजेचा पगार ठेकेदार देत नाही, ही तिची तक्रार होती. मूळची मराठवाड्यातली. नवरा-बायको दोघेही चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी कामगार, पण ठेकेदार वेगळे आणि पाळ्याही वेगळ्या. पत्र्याच्या खोलीत संसार. आई ऊसतोडीला गेलेली, सासू हयात नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा रात्रपाळीला होता. शेजारच्या खोलीतली बाई तिला रुग्णालयात घेऊन गेली, पण तिला लेबर रूमच्या दाराबाहेरच बसवले. आत ही पोर रात्रभर एकटी. पाणी मागितले तर थांब म्हणाले. ओरडली तर बोलणी खाल्ली, मांडीवर चापट बसली. नंतर पोटावर जोर देऊन दाबले. काय चालले आहे, टाके किती पडले, का पडले, हे तिला कोणी सांगितले नाही.

कागद बघता बघता ती हे सगळे सांगू लागली आणि शेवटी म्हणाली, "वकीलसाहेब, पैशाचं बघालच तुम्ही. पण एवढ्या बाया होत्या तिथं, माझं म्हणणारं एक माणूस नव्हतं." त्या रुग्णालयाचे नाव आम्ही इथे देत नाही. कारण हा एका रुग्णालयाचा किंवा एका सिस्टरचा प्रश्न नाही. तो पद्धतीचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात आज जवळपास ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होतात, असे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात देशात ९७ होते, तर महाराष्ट्रात ३३. ही प्रगती आम्ही नाकारत नाही. आपल्या आज्यांच्या काळी बाळंतिणी कशा मरत होत्या, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना सांगावे लागत नाही. पण आई जगली, बाळ जगले, एवढ्यावर शासनाची जबाबदारी संपते काय? माणूस म्हणून तिचा मान राखणे ही शासनाची जबाबदारी नाही काय? संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताचा अधिकार हा नुसता श्वास घेण्याचा अधिकार नव्हे, तो प्रतिष्ठेने जगण्याचा अधिकार आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०१० रोजी लक्ष्मी मंडल प्रकरणात सुरक्षित मातृत्वाचा हक्क याच अनुच्छेदाशी जोडला. त्याच निकालात दिल्लीतील एका गरीब बाईला झाडाखाली, चारचौघांच्या देखत बाळंत व्हावे लागल्याचे प्रकरणही होते. घटना देशाच्या राजधानीतली होती, कुठल्या दुर्गम पाड्यावरची नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे.

आता मुद्द्याचे बोलू. आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही, पण सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईसोबत तिच्या पसंतीची एक सोबतीण राहू शकते, अशा सूचना केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्येच दिल्या आहेत. सरकारी भाषेत तिला 'बर्थ कंपॅनियन' म्हणतात. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. जिथे पुरेसा आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही थांबता येते. अटी साध्या आहेत. सोबतिणीला संसर्गजन्य आजार नसावा, अंगावर स्वच्छ कपडे असावेत, बाळंतपण होईपर्यंत थांबण्याची तयारी असावी, तिने डॉक्टर-सिस्टरांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि खोलीतल्या इतर बायांकडे जाऊ नये. डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातही लेबर रूममध्ये पडदे वा आडोसे, बाईशी सन्मानाची वागणूक आणि सोबतीण या गोष्टी मान्य केल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशी सोबतिणीच्या बाजूने आहेत. त्याच शिफारशींत सरसकट टाक्यांसाठी कापणे आणि पोटावर दाब देणे या दोन्ही गोष्टी करू नयेत असे म्हटले आहे.

म्हणजे कागद आहे. मग दारात अडवले का जाते? कारण हा कागद ज्या बाईसाठी काढला, तिच्यापर्यंत तो कोणी पोचवलाच नाही. ज्याला हक्क माहीत नाही, त्याचा हक्क दारवानसुद्धा हिरावून घेऊ शकतो.

सोबतीण ही भावनेची किंवा चैनीची बाब आहे, असे कोणी समजू नये. १९८० साली ग्वाटेमाला या गरीब देशातल्या एका गर्दीच्या रुग्णालयात डॉक्टरांनी छोटा प्रयोग केला. काही बायांजवळ एक अनोळखी, साधी बाई बसवली. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. तिने फक्त हात धरायचा, पाठ चोळायची, धीर द्यायचा. ज्यांची बाळंतपणे अडचणीविना झाली, त्यांत एकट्या बाईला दाखल झाल्यापासून सरासरी १९ तास लागले, तर सोबत असलेलीला ९ तासांच्या आसपास. पुढे अनेक देशांत असे प्रयोग झाले. २०१७ साली १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यास एकत्र तपासले गेले. अखंड सोबत मिळालेल्या बायांमध्ये सिझरचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी, कळांचा काळ कमी आणि बाळाची जन्मतःची प्रकृतीही चांगली, असा निष्कर्ष निघाला. ज्या देशात खासगी रुग्णालयांत जवळपास निम्मी बाळंतपणे सिझरने होतात आणि त्यासाठी गरीब माणूस व्याजाने पैसे काढतो, त्या देशात उशाशी बसलेल्या एका बाईची किंमत काय, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हा हिशेब श्रीमंतांना मात्र बरोबर कळला आहे. वाकड, बाणेर, हिंजवडीच्या उंच सोसायट्यांत गर्भवतींचे वर्ग चालतात. श्वास कसा घ्यायचा, कळा कशा ओळखायच्या, डॉक्टरांना काय विचारायचे, हे तिथे शिकवले जाते. पैसे मोजून सोबतीण ठेवता येते. तिला 'डूला' म्हणतात. आमचा या वर्गांना मुळीच विरोध नाही. बाई शहाणी होत असेल तर ती कुठल्याही मजल्यावर राहणारी असो, आम्हाला आनंदच आहे. विरोध आहे तो हे ज्ञान फीच्या पावतीला बांधण्याला. आणि दुसरा विरोध आहे तो वर्गाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या 'गर्भसंस्कारा'ला. मंत्र ऐकवून तेजस्वी संतती होते, असे सांगणारे हे दुकान जुन्याच मालाचे आहे. ज्या सोळा संस्कारांत मुलगाच व्हावा म्हणून पुंसवन सांगितले, त्यांचाच हा नवा वेष्टनातला माल. गर्भवतीला मंत्र नको आहेत. तिला रक्ताच्या गोळ्या हव्यात, पोटभर अन्न हवे, तपासणी हवी, विश्रांती हवी आणि माहिती हवी.

'डूला' हा शब्द मूळचा ग्रीक आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७०च्या दशकात तो प्रचारात आणला. त्याचा मूळ अर्थ काय? दासी! हा अर्थ वाचून आम्हाला नवल वाटले नाही. आपल्या देशातही बाळंतिणीचे काम दासीवरच टाकलेले होते. बाळंतपणाला विटाळ मानायचे, आणि विटाळाचे काम म्हणून नाळ कापण्यापासून वार पुरण्यापर्यंत सगळे अस्पृश्य बाईकडून करून घ्यायचे. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जातींच्या ग्रंथात मराठी मुलखातील मांग समाजाच्या स्त्रिया सुईणपण करतात, अशी नोंद आहे. म्हणजे सवर्णाच्या घरचे मूल पहिल्यांदा जिच्या हातात येत होते, तिची सावली मात्र त्या घराला चालत नव्हती. केवढी ही कृतघ्नता! पुढे हेच काम पांढऱ्या कोटाचे, मानाचे आणि पैशाचे झाले, तेव्हा त्या सुईणीला कोणी विचारले नाही. तिची विद्याही अडाणी ठरली आणि तीही.

आणि त्या सुईणीच्या स्वतःच्या बाळंतपणाचे काय? याचे उत्तर १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग समाजाच्या मुलीने दिले आहे. ती पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मांग-महारांच्या दुःखावरील निबंधात तिने लिहिले, की आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील. ती एवढीशी पोर १७० वर्षांपूर्वी जे बोलली, ते आज पत्र्याच्या खोलीतल्या बाळंतिणीकडे पाहताना आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच पुण्यात १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, असे आवाहन केले. ज्या बाईला घरच्यांनी टाकले, गावाने टाकले, तिच्या उशाशी सावित्रीमाई बसल्या. काशीबाई या विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, तोच पुढे डॉक्टर यशवंत झाला. सोबतीण म्हणजे काय, हे ग्रीक शब्दावरून शिकण्याची गरज महाराष्ट्राला नाही. इथे सोबत ही दासीचे काम नव्हती, ती क्रांती होती.

आपल्या धम्माच्या इतिहासाची सुरुवातही एका बाळंतपणाने होते. महामाया देवदहाला, आपल्या माहेरी निघाली होती. वाटेत लुंबिनी वनात कळा सुरू झाल्या आणि सिद्धार्थाचा जन्म झाला. थोड्याच दिवसांत महामाया गेली आणि बाळाला तिच्या बहिणीने, महाप्रजापती गौतमीने वाढवले. राणी असूनही तिला माहेरची ओढ होती. आजही आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करतात. का? कारण माहेरी उशाशी आपले माणूस असते. पण वाशीम, हिंगोली, नांदेडहून किंवा बिहार, ओडिशाहून पोटासाठी चाकणला आलेल्या बाईचे माहेर शेकडो मैल दूर. सुट्टी नाही, गाडीभाडे नाही, गावी गेले तर खोली जाते आणि काम जाते. कारखानदारीने तिचे श्रम घेतले आणि माहेर काढून घेतले. दुर्गम आदिवासी भागात बाळंतपणाआधी राहण्यासाठी राज्य सरकारने 'माहेरघर' योजना काढली आहे. मग महाराष्ट्राच्या तिजोरीत भर घालणाऱ्या या औद्योगिक पट्ट्यात एक माहेरघर का असू नये?

मालकवर्ग म्हणेल, बाळंतपण हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे. याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२८ सालीच दिले आहे. मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा केली. ज्या माणसाच्या घरात रमाईंनी पाचपैकी चार लेकरे गमावली, त्या माणसाला हा प्रश्न पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही.

१९६१चा मातृत्व लाभ कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. नाव बदलले तरी हक्क कायम आहेत, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिच्याकडून काम करून घेणे गुन्हा आहे. रजेच्या काळात तिला काढून टाकणे बेकायदेशीर आहे. कंत्राटी आहे म्हणून हक्क नाही, हे ठेकेदाराचे म्हणणे खोटे आहे. रोजंदारीवरच्या मस्टर रोल कामगार स्त्रियांनाही हा लाभ मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात ठणकावले आहे. ईएसआय कापला जात असेल तर रजेचे पैसे तिथून मिळतात. म्हणून आपला ईएसआय खरोखर भरला जातो की नाही, हे पोट दिसू लागण्याआधी तपासा. पोट दिसले की 'ब्रेक' देण्याची ठेकेदारांची युक्ती जुनी आहे. हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, गेटपास यांचे फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा. कोर्टात अश्रू पुरावा होत नाहीत, कागद होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचे भांडण सिस्टरांशी नाही. एकाच पाळीत कितीतरी बाळंतपणे सांभाळणारी सिस्टरही कुणाची लेक आहे, आणि त्यांत आपल्याच समाजाच्या कितीतरी मुली आहेत. कामाने पिचलेला माणूस दुसऱ्या पिचलेल्या माणसावरच चिडतो, हेच व्यवस्थेला हवे असते. सोबतीण आली तर सिस्टरचाही भार हलका होतो. पण सोबतीण मिळाली म्हणून सिस्टरांची पदे रिकामी ठेवायची, असला व्यवहारही आम्ही चालू देणार नाही. आशाताईंना जसे तुटपुंज्या मानधनावर राबवले जाते, तसे नव्या सोबतिणींना राबवू नये. दासीपण एकदा संपले आहे, ते नव्या नावाने परत येता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. महापालिकेच्या आणि शासनाच्या प्रत्येक लेबर रूमच्या दारावर 'बाळंतिणीला एक सोबतीण ठेवता येते' हा फलक मराठी आणि हिंदीत लावा. जिथे पडदे आणि आडोसे नाहीत तिथे ते बसवा. चाकणच्या कंपन्या कायद्याने सामाजिक कामासाठी नफ्याचा वाटा काढतात, तो झाडे लावतानाच्या फोटोंऐवजी इथे खर्च करा. ज्या बाईचे कोणी नाही तिच्यासाठी प्रशिक्षित सोबतीण महिला व बालकल्याणाच्या निधीतून, योग्य मानधन देऊन नेमा. आणि चाकण परिसरात माहेरघर उभारा.

पण मागण्या करून हात बांधून बसणारी ही चळवळ नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या देहूरोडपासून चाकणपर्यंत वस्तीवस्तीत आज विहारे आहेत. वंदना झाली की त्यांना कुलूप लागते. हे कुलूप काढा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्यानंतरच्या रविवारी विहारात गर्भवतींचा वर्ग भरवा. आपल्या समाजातील निवृत्त सिस्टर, डॉक्टर मुली, आशाताई, वकील यांना बोलवा. कळा कधी खऱ्या, पाणी गेले तर काय करायचे, रक्त जाणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणे ही धोक्याची लक्षणे कोणती, १०२ आणि १०८ कधी लावायचा, कोणते कागद सोबत न्यायचे, हे तासाभरात सांगता येते. वर्गाला नवऱ्यांनाही बसवा. मूल दोघांचे आहे. आणि दारात जात विचारू नका, भाषा विचारू नका. बिहारची मुस्लिम बाई असो की मराठवाड्यातली मराठा बाई, कळा सगळ्यांच्या सारख्याच असतात.

प्रत्येक वर्गातून पाच उपासिकांनी नाव द्यावे, की वस्तीत कोणाला कळा लागल्या तर आम्ही सोबत जाऊ. एवढे पुरेसे आहे. येत्या ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालताना हे काम सुरू करा.

आमच्याकडे आलेल्या त्या भगिनीच्या रजेच्या पैशासाठी आम्ही लढतो आहोत, ते मिळतीलही. पण त्या रात्री तिच्याजवळ जे माणूस नव्हते, ते कुठलेही न्यायालय तिला मागे जाऊन देऊ शकत नाही. ते आपण देऊ शकतो, पुढच्या बाईला. जयभीम!